एकशे अठराचं पान

उन्हाळ्यातला भाजून काढणारा वारा, लू, सुरू झाली की कालव्यापलीकडच्या गावातला भुसा उडून सहयोग कॉलनीच्या अंगणांत येऊन पडायचा. गव्हाची मळणी उरकलेली असायची, म्हशी सावलीला बांधलेल्या असायच्या, आणि वारा मात्र कामावर असल्यासारखा दिवसभर भुसा वाहत राहायचा. सुमित्रा दिवसातून तीनदा अंगण झाडायची. झाडून कंबर सरळ करते न करते तोवर पायरीवर पुन्हा पिवळा थर. लग्न होऊन फरीदाबादच्या या कडेला आल्याला तिला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. भुशाची सवय काही झाली नव्हती.

यंदा भुशापेक्षा पाण्याचा त्रास मोठा होता. नळ नावाला होता. एक दिवसाआड टँकर यायचा आणि गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. तिथून घरापर्यंत वीस लिटरचा कॅन आणणं सुमित्राला आता जमत नव्हतं, म्हणून ती अर्धाअर्धाच भरायची आणि दुप्पट खेपा घालायची. मागची माणसं कुरकुरायची. "आंटीजी, पूरा भरो ना, टाइम लगता है," असं एखादा म्हणायचाच. ती अर्धा कॅन उचलून चालू लागायची. घरात तिचा नवरा गुणवंत एकटा असायचा आणि तिचं अर्धं लक्ष तिकडे लागलेलं असायचं.

गुणवंत शहात्तर वर्षांचा होता. पत्र्याच्या कारखान्यात तो प्रेसवर लागला होता आणि फोरमन होऊन निवृत्त झाला होता. अंगानं अजून थोराड, हाताचे पंजे फावड्यासारखे. पण तीन वर्षांपासून त्याची आठवण जात चालली होती. आधी गावांची नावं गेली, मग माणसांची. गेल्या दिवाळीपासून तो सुमित्राला 'अहो' म्हणू लागला होता, जशी परक्या बाईला हाक मारावी तशी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असंच होणार, जुनं शेवटी जाईल. सुमित्रा ते लक्षात ठेवून होती. आपण काही कालपरवाच्या नाही, आपण जुन्यातच मोडतो, असं ती मनाशी म्हणायची.

त्याच वैशाखात कॉलनीतलं सहकारी भांडार बंद करायचं ठरलं. कारखान्यातल्या मराठी माणसांनी आणि त्यांच्या जोडीला आलेल्या यूपी-पंजाबच्या कुटुंबांनी दहा-दहा रुपयांचा भाग घेऊन ते उघडलं होतं. आता तिथे कोणी फिरकत नव्हतं. पीठसुद्धा फोनवरून दारात येत होतं. जुन्या सेक्रेटरींचा मुलगा उन्मेष, जो आता भांडाराचं उरलंसुरलं काम बघत होता, त्यानं मोबाइलवरच्या कॉलनीच्या ग्रुपवर बंद होण्याची बातमी टाकली. खाली लिहिलं, ज्यांना आपला सभासद नंबर आठवत असेल त्यांनी सांगावा.

मग ग्रुपवर नंबरांचा पाऊसच पडला. पुण्याला, नाशिकला, पार कॅनडाला गेलेली मुलं लिहू लागली. कुणाचा सत्तावीस, कुणाचा त्र्याण्णव. एकानं लिहिलं की बँकेचा नंबर मला बघून सांगावा लागतो, पण आईचा भांडाराचा नंबर झोपेतून उठवलं तरी सांगेन. एकीनं परताव्यात मिळालेल्या स्टीलच्या डब्याचा फोटो टाकला. त्यावर नाव न घालता नुसता एकशे बेचाळीस कोरलेला होता. सुमित्रा चष्मा लावून दुपारभर वाचत बसली. तिला बरं वाटत होतं. कादंबरीनं, तिच्या बंगळूरच्या मुलीनं, लिहिलं होतं: 'आमचा चौसष्ट. रविवारी काउंटरवर बाबा असायचे.'

संध्याकाळी कादंबरीचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, बाबांना विचार ना आपला नंबर. त्यांना पक्का आठवत असेल. मी रेकॉर्ड करते, ग्रुपवर टाकू."

सुमित्रानं फोन गुणवंतपुढे धरला आणि विचारलं, "भांडारातला आपला नंबर किती हो?"

गुणवंतनं मान वर केली. गेले कित्येक दिवस त्याच्या चेहऱ्यावर अशी हुशारी दिसली नव्हती.

"एकशे अठरा," तो म्हणाला.

कादंबरी हसली. बाबा, चौसष्ट, ती म्हणाली. गुणवंतनं नाही म्हणून मान हलवली आणि शाळेतल्या मुलासारखं ठासून पुन्हा सांगितलं, एकशे अठरा. चलो, कोई बात नहीं, असं म्हणून कादंबरी दुसऱ्या गोष्टींवर गेली. सुमित्राही हसली होती. पण फोन ठेवल्यावर ती कणीक मळायला बसली आणि परातीत हात तसेच राहिले. एकशे अठरा नंबर कुणाचा ते तिला ठाऊक होतं. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या प्रभाचा.

प्रभाचा नवरा श्याम गुणवंतबरोबरच प्रेसवर होता. त्र्याऐंशी सालच्या थंडीत मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. पुढे बरीच वर्षं त्याला धड काम नव्हतं. मग कुठेकुठे तो फाटकावर रखवालीला बसायचा. दहा वर्षांपूर्वी तो वारला. मूलबाळ नव्हतं. प्रभा शिवणकाम करायची, अजूनही करत होती. तरुणपणी तिचे केस कंबरेखाली यायचे आणि हळदीकुंकवाला तिला गाणं म्हणायचा आग्रह व्हायचा. सुमित्राला तेव्हाही प्रभा फारशी आवडत नसे. कारण विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. सांगण्यासारखं एकच कारण होतं, आणि ते दिवाळीपूर्वीच्या परताव्याचं.

जो जितकं सामान भांडारातून नेई, तितका त्याला वर्षाअखेर परतावा मिळे. दिवाळीच्या आधीच्या रविवारी भांडाराच्या ओट्यावर भांडी मांडून ठेवलेली असत आणि नंबर पुकारून ज्याच्या त्याच्या परताव्याचं भांडं हातात दिलं जाई. ज्याची खरेदी मोठी त्याला कुकर, पिंप, कळशी; ज्याची लहान त्याला वाट्या, नाहीतर चमचे. सगळी कॉलनी बघत असायची. सुमित्राच्या घरात तेव्हा सासूसासरे, दीर, ती दोघं आणि पुढे कादंबरी. सहा माणसांचा स्वयंपाक. आणि तरी चौसष्ट नंबर पुकारला की तिच्या हातावर वाट्यांचा संच पडायचा. "काय सुमित्रावहिनी, बनियाकडून सामान आणता की काय?" असं कुणीतरी म्हणायचं आणि बायका हसायच्या. सासू घरी आल्यावर दोन दिवस बोलत नसे. महिन्याचं सामान रविवारी गुणवंतच आणायचा. तो रविवारी भांडारात फुकट सेवा द्यायचा, काउंटरवर बसायचा, पावत्या करायचा. तिनं एकदा त्याला विचारलं होतं, हिशेब चुकतोय का कुठे. तो म्हणाला होता, हिशेब बरोबर आहे.

आणि एकशे अठरा पुकारला की प्रभा उठायची. दोन माणसांचं घर, त्यातला एक बिनकामाचा. एका वर्षी तिला एवढं मोठं पिंप मिळालं होतं की श्यामला डाव्या हातानं उचलता येईना, तेव्हा गुणवंतनंच ते खांद्यावर घेऊन तिच्या घरी पोचवलं होतं. तो खांद्यावर पिंप घेऊन पुढे आणि प्रभा पदर सावरत मागे, असं ते जाताना सुमित्रानं हातातल्या वाट्या पोटाशी धरून पाहिलं होतं. ते तिला आता पुन्हा दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं उन्मेषला फोन केला. जुनी दप्तरं आवरायला माणूस हवं असेल तर मी येते, म्हणाली. उन्मेषला नवल वाटलं, पण तो बिल्कुल या म्हणाला. काकू, काकांना पण आणा, त्यांना बरं वाटेल.

तीन दिवस ती रोज सकाळी उन्हं चढायच्या आत गुणवंतला हाताला धरून भांडारात घेऊन गेली. आत पत्र्याखाली भट्टीसारखं तापलेलं असायचं. पंखा होता, पण तो लावला की धूळ उठायची, म्हणून बंदच. उंदरांनी कुरतडलेली पोती, तेलाचे रिकामे डबे, गंजलेली मापं. तिनं तोंडाला ओढणी बांधली आणि फडताळातून वह्यांचे गठ्ठे उतरवायला लागली. एकेक गठ्ठा पाच-सात किलोचा. सुतळी सोडायची, वही झटकायची, साल बघून वेगळी लावायची. ज्यांनी आपल्या पानाचा फोटो मागितला होता त्यांची पानं उन्मेष मोबाइलवर घेत होता. दुपारपर्यंत घाम आणि धुळीनं तिच्या मानेला चिखलाच्या रेघा उठत. गुणवंत जुन्या काउंटरमागे स्टुलावर बसलेला असे आणि वजनं लहानमोठी लावत राही. तो घरी कधी एवढा शांत बसत नसे.

तिसऱ्या दिवशी तिला हवी ती वही सापडली. महिन्याच्या सामानाची, चौऱ्याऐंशी सालची. प्रत्येक सभासदाचं एक पान, त्यावर सामान आणि रक्कम. अक्षर गुणवंतचं. तो 'ळ' काढताना खाली शेपूट ओढायचा.

एकशे अठराच्या पानावर ज्वारी वीस किलो होती. श्यामच्या घरी ज्वारी खात नसत. ते दोघं विदर्भातले खरे, पण गव्हाच्या पोळीवर होते. ज्वारी लागायची ती सुमित्राच्या सासऱ्यांना. पुढे गूळ, डाळी, खोबरं, दगडफूल, सासूची तपकीर. सुमित्रा बोट ठेवून एकेक ओळ वाचत खाली आली. श्रावणात कादंबरी झाली होती. त्यानंतरच्या रविवारी लिहिलं होतं: ग्राईप वॉटर एक, बेबी पावडर एक, डिंक पाव किलो.

तिच्या बाळंतपणाचा डिंक प्रभाच्या नावावर होता.

तिनं पुढची वही काढली, त्याच्या पुढची काढली. अकरा वर्षं. दर महिन्याला तिच्या घरचं मोठं सामान एकशे अठरावर, आणि चौसष्टवर फक्त ती स्वतः मधल्या वारी जाऊन आणायची ते किडूकमिडूक. काडेपेटी, साबण, मीठ. पैसे गुणवंतच्या पगारातून गेले होते. परतावा तेवढा दुसऱ्या घरी गेला होता.

उन्मेष चहा सांगायला बाहेर गेला होता. सुमित्रा वही घेऊन काउंटरसमोर उभी राहिली. भांडणच करायचं होतं तिला, चाळीस वर्षांचं साठलेलं.

"हे काय आहे?" तिनं वही पुढे सरकवली. "हे असं का केलंत?"

गुणवंतनं वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. समोर गिऱ्हाईक आलंय असं त्याला वाटलं असावं. तो सावरून बसला, शर्टाच्या खिशाला हात लावून पेन चाचपलं आणि अदबीनं म्हणाला, "बाई, आपला नंबर?"

सुमित्रानं वही मिटली. मग म्हणाली, "चौसष्ट."

त्यानं मान डोलावली. त्या नंबरानं त्याच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. "सामान सांगा," तो म्हणाला.

घरी येऊन तिनं त्याला जेवायला घातलं. तो झोपल्यावर बाहेरून कडी घातली आणि वही घेऊन भर दुपारी चालत निघाली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर चपलेला चिकटत होतं आणि लू कानशिलांवर बसत होती. प्रभाच्या दाराशी पोचेपर्यंत तिच्या तोंडाला कोरड पडली होती, पण आत गेल्यावर प्रभानं पुढे केलेलं पाणी तिनं घेतलं नाही.

प्रभा परकराची पट्टी शिवत बसली होती. केस आता खांद्याइतकेही नव्हते, गुडघे सुजलेले. खोलीच्या कोपऱ्यात ते पिंप होतं. त्यात टँकरचं पाणी भरून वर ताटली झाकलेली.

सुमित्रानं वही मशीनवर ठेवली आणि पान उघडलं. प्रभानं चष्मा सारखा केला, वाचलं, आणि मशीनच्या चाकावरचा हात काढून घेतला.

"मला पहिल्या दिवाळीलाच कळलं होतं," ती म्हणाली. "एवढं सामान आम्ही कुठून नेणार, वहिनी? ह्यांना काही कळलं नाही. ह्यांना वाटलं, भांडारवाल्यांनी दया केली. ते कळलं असतं तर ह्यांनी पिंप रस्त्यावर फेकलं असतं."

"आणि तू घेत राहिलीस."

"घेत राहिले."

सुमित्रानं मग तो प्रश्न विचारला, जो विचारायला ती उन्हातून आली होती. काय होतं तुमच्यात. विचारताना तिचा आवाज तिला स्वतःलाच तिखट आणि म्हातारा वाटला. प्रभानं सुईतला दोरा तोडला, पट्टीची घडी केली. मग जे सांगितलं ते सुमित्राला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. ज्या दिवशी श्यामची बोटं गेली त्या दिवशी प्रेसचं पेडल गुणवंतच्या पायाखाली होतं. श्यामचा हात अजून आत होता आणि गुणवंतनं दाबलं. रात्रपाळी होती, डोळा लागला असेल, काय असेल. साहेब आले तेव्हा श्यामनं सांगितलं की पेडल मीच दाबलं, चूक माझी. दोघांची नोकरी जाण्यापेक्षा एकाची जावी, एवढाच विचार त्यानं केला होता. गुणवंतच्या घरी खाणारी तोंडं जास्त होती.

"तुमचा पगार त्या दिवसापासून चालू राहिला, वहिनी," प्रभा म्हणाली. "मी परतावा घेतला. मला लाज वाटली नाही. अजून वाटत नाही."

सुमित्रा खाटेच्या कडेवर बसली. घाम पाठीवरून उतरत होता. खरं तर तिला हलकं वाटायला हवं होतं. नवऱ्याचं पाऊल वाकडं पडलं नव्हतं. त्याच्यावर ऋण होतं आणि त्यानं ते त्याच्या परीनं फेडलं होतं. तिला सांगितलं असतं तर तिनंही फेडायला हात लावला असता. स्वतः डोक्यावर पिंप घेऊन आली असती.

"नंबराचं हे तुला यांनी कधी सांगितलं?"

"नाही. एक शब्द नाही. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे भाऊजींना माहीत होतं. शाळेच्या गणवेशांचं काम मला मिळालं ना, त्या दिवाळीला परतावा एकदम कमी झाला. मी मनात म्हटलं, भाऊजींना कळलं, आता आमचं भागतंय. काउंटरवर मी नंबर सांगायच्या आधी ते लिहायचे. बस. एवढंच होतं. तुम्हाला कमी वाटत असेल तर कमी, जास्त वाटत असेल तर जास्त."

हे मात्र सुमित्राच्या वर्मी बसलं. पत्र असतं, चिठ्ठी असती, तर फाडता आली असती. तिच्याशी गुणवंत अठ्ठेचाळीस वर्षं बोलला होता: गॅस आला का, फी भरली का, मीठ कमी आहे. पण न बोलता कळावं असं त्यानं तिच्याजवळ काही ठेवलं नव्हतं. ते सगळं त्यानं इथे ठेवलं होतं, या मशीनपाशी.

ती उठली. दारापर्यंत गेल्यावर प्रभा मागून म्हणाली, "त्या ग्राईप वॉटरची पावती मी काउंटरवर पाहिली होती. माझ्या नावावर बाळाचं सामान. आठ दिवस मला मशीनवर बसवलं नाही. तुम्ही एकट्याच जळत होता असं समजू नका."

सुमित्रा मागे न बघता उन्हात उतरली.

चार दिवस ती कुणाशी फार बोलली नाही. भांडाराच्या शेवटच्या दिवशी उन्मेषनं सगळ्यांना बोलावलं, भागाची रक्कम परत केली, समोसे वाटले. सुमित्रा गेली नाही. कादंबरीनं फोन करून विचारलं तर म्हणाली, ऊन लागलंय. गुणवंतला ती जेवू घालत होती, कपडे बदलत होती, पण तोंडाशी घास नेताना हात जरा रुक्ष झाला होता, हे तिलाही कळत होतं. तो मध्येच एकशे अठरा म्हणायचा. तेव्हा ती उठून अंगण झाडायला जायची.

पाचव्या दिवशी सकाळी तो न्हाणीघरात पडला.

लागलं नव्हतं. ओल्या फरशीवरून पाय सरकला आणि तो भिंतीला टेकून खाली बसला, पाय पसरून, अंगावर काही नाही. सुमित्रानं काखेत हात घालून उचलायचा प्रयत्न केला. ते थोराड शरीर तसूभर हललं नाही. उलट तिच्याच कंबरेत अशी कळ आली की ती दाराची चौकट धरून खाली बसली. तो घाबरला होता आणि तिला ढकलत होता. अहो, तुम्ही जा, म्हणत होता. शेजारची पोरं शिफ्टला गेलेली. डाव्या बाजूच्या घराला कुलूप. गल्लीत टँकरचा दिवस नव्हता, त्यामुळे माणूसच नव्हतं.

फोन हातात घेऊन ती थोडा वेळ बसून राहिली. मग तिनं प्रभाचा नंबर लावला आणि एवढंच म्हणाली, हे पडलेत, उचलायला ये.

प्रभाला यायला दहा मिनिटं लागणार होती. तेवढ्या वेळात सुमित्रा कंबर धरून उठली, कपाटातून लुंगी आणली, आणि गुडघ्यांवर बसून ती गुणवंतच्या खालून घालायला लागली. तो सहकार्य करत नव्हता. एक बाजू ओढावी तर दुसरी निसटे. त्याला एकदा डावीकडे रेटायचं, कापड सरकवायचं, मग उजवीकडे. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडातून शिवी निघाली, पण दार वाजलं तेव्हा लुंगी नीट गुंडाळलेली होती आणि तिनं तिला दोन गाठी मारल्या होत्या.

प्रभा सुजलेल्या गुडघ्यांनी आत आली. गुणवंतनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं ढकलणं थांबलं.

"भाऊजी, उठायचंय," प्रभा म्हणाली. "वहिनींच्या खांद्यावर हात टाका."

त्यानं टाकला. दोघींनी दोन बाजूंनी धरलं. एकदा उचललं, जमलं नाही. दुसऱ्यांदा प्रभानं आपला पाय त्याच्या पायाला टेकू दिला आणि तो कण्हत उभा राहिला. खुर्चीत बसवल्यावर तिघंही धापा टाकत होती. गुणवंतच्या कपाळावर पाणी होतं; प्रभाचा हात पदराकडे गेला. सुमित्रानं तिच्या आधी टॉवेल उचलला आणि त्याचं तोंड पुसलं.

मग तिनं चहा टाकला. प्रभानं कप घेतला. बाहेर वाऱ्यानं पायरीवर भुसा आणून टाकलेला दोघींना दिसत होता.

"मला एकटीला आता होत नाही," सुमित्रा शेवटी म्हणाली. "उद्यापासून सातला येत जा. अंघोळ घालताना धरायला माणूस लागतं."

"येईन."

"रोज. अकरा वर्षं."

प्रभानं तिच्याकडे पाहिलं. सुमित्रा हसत नव्हती.

"तेवढी मी असेन असं वाटत नाही, वहिनी."

"असशील तेवढी ये."

दुसऱ्या दिवशी सातला दोन मिनिटं असताना प्रभा आली. ऊन तेव्हाच अंगणात उतरलं होतं. सुमित्रानं न्हाणीघरात प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, गुणवंतला लुंगीसकट बसवलं होतं, आणि कुठे धरायचं ते तिनं प्रभाला स्पष्ट सांगितलं: मागे उभं राहायचं, दोन्ही खांदे धरायचे, बाकीचं मी बघते. पाणी दीड बादलीच होतं, ते पुरवायचं होतं. तिनं तांब्या तांब्यानं पाठ भिजवली, हात चोळले, मान चोळली. साबण एकदाही खाली ठेवला नाही. प्रभा मागून म्हणाली, पाठ मी चोळू का. सुमित्रा म्हणाली, नको, तू धर.

तोंडाला साबण लावल्यावर गुणवंतनं डोळे घट्ट मिटले. फेस झोंबत होता. त्यानं घाबरून एक हात पुढे केला आणि हवेत चाचपडायला लागला, धरायला काहीतरी शोधत. प्रभाच्या बोटांची हालचाल सुमित्राला दिसली. पण प्रभानं हात खांद्यांवरून उचलले नाहीत.

सुमित्रानं आपला हात पुढे केला. साबणानं निसरडा झाला होता, तरी त्यानं तो पकडला आणि घट्ट धरून ठेवला. कुणाचा हात आहे असं त्याला वाटलं, हे तिनं विचारलं नाही. दुसऱ्या हातानं तिनं तांब्या भरला आणि हळूहळू त्याच्या तोंडावर पाणी सोडत राहिली.